रजेचं कारण

हेमचंद्र उमाळकर ऑफिसात सगळ्यांच्या आधी यायचा. दिवे लावायचा, कॉफी करून ठेवायचा, आणि माणसं जमली की एकेकाच्या टेबलापाशी जाऊन उभा राहायचा. कामाचं विचारण्याआधी घरचं विचारायचा. आईचा गुडघा कसा आहे, मुलीची स्पर्धा कशी झाली, नळ दुरुस्त करणारा आला का, बायकोला नवी नोकरी मानवली का. उत्तर मिळेपर्यंत हलत नसे. अंगानं रुंद, पोटावर शर्ट ताणलेला, मिशीखाली कायम थोडं हसू. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हा या सगळ्यांच्या घरी जेवायला जाणार आहे आणि कधी येऊ एवढंच विचारतो आहे.

ही दोन हजार सहा सालची गोष्ट. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात एक लहानशी कंपनी होती. औषधांच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवणारी यंत्रं असतात, त्यांचं सॉफ्टवेअर ती लिहायची. हेमचंद्र तिथे बरीच वर्षं कुणाच्या ना कुणाच्या हाताखाली काम करत होता. त्या फेब्रुवारीत त्याचा मॅनेजर नोकरी सोडून गेला आणि कॅथी नावाच्या डायरेक्टर बाईंनी हेमचंद्रला त्या जागेवर बसवलं. पण तात्पुरतं. काही महिने बघू, मग पक्कं करू, असं त्या म्हणाल्या. पाच माणसांची टीम, दोन देशी, तीन अमेरिकन.

साहेब कसा असावा याबद्दल हेमचंद्रच्या मनात कसलाच गोंधळ नव्हता. त्याची पहिली नोकरी नागपूरला, हिंगणा एमआयडीसीत. तिथले वैरागडे साहेब कामाला कडक. आवाज असा, की ऐकून यंत्रंही थांबावीत. हेमचंद्रला कावीळ झाली तेव्हा हे साहेब एका संध्याकाळी स्कूटरवरून त्याच्या घरी आले. हातात पपई. खुर्चीत थोडा वेळ बसले, पाणी प्यायले, आणि त्याच्या आईला म्हणाले, "पोट्ट्याला घाईनं पाठवू नका, माय. कारखाना कुठं पळून नाही जात." ते गेल्यावरही आई कितीतरी वेळ दारातच उभी होती. पुढे चांगल्या जागांची बोलावणी आली, पण हेमचंद्र तिथून हलला नाही. का, असं विचारलं तर म्हणायचा, "पपई खाल्ली होती ना." पुढारपण नावाची काही चीज जगात असलीच, तर त्याच्या लेखी ती त्या स्कूटरवर बसून आली होती.

आता तो स्वतः साहेब झाला होता, आणि कित्येक वर्षं साठवून ठेवलेली सगळी माया त्यानं त्या पाच माणसांवर एकदम ओतली. नागपुरी चिवड्याचा मोठा डबा कॉफीशेजारी येऊन बसला. कुणी काय काम करायचं, कोणत्या क्रमानं करायचं, ते सकाळीच सांगून टाकायचा. डोक्याला ताप नको माणसांच्या. संध्याकाळी प्रत्येकाच्या खुर्चीमागे उभं राहून झालेलं काम बघायचा. कुणाचं अडलं असलं तर म्हणायचा, "उठ, बाजूला हो, मी करून देतो." ही त्याची सगळ्यात मोठी भेट होती.

पुण्याचा सुशांत आणि मुंबईची कांचन या मायेत डुंबत होते. सुशांत सत्तावीस वर्षांचा, हुशार, पण हेमचंद्रनं मान हलवल्याशिवाय एक ओळसुद्धा पुढे पाठवायचा नाही. इथे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात हे दहादा सांगूनही दोघं त्याला 'सर'च म्हणत.

अमेरिकन तिघं मात्र जरा गप्प गप्प राहू लागले. त्यांतला सगळ्यात जुना डेल. वय बावन्न, जन्म तिथलाच, कॅरोलायनातला, बोलणं संथ. जुन्या यंत्रांचं काम त्याच्याशिवाय कुणालाच येत नव्हतं. एका मीटिंगमध्ये हेमचंद्रनं त्याच्या दिवसाचा क्रम लावून दिल्यावर डेल त्याच्याकडे बघत म्हणाला, "हेम, तू अगदी माझ्या वडिलांसारखा आहेस."

हेमचंद्र त्या दिवशी शीळ घालत घरी आला.

"ऐकलंस का? डेल म्हणाला, मी त्याच्या वडिलांसारखा आहे."

मालिनी पोळ्या लाटत होती. "तो तुमच्यापेक्षा मोठा आहे ना?"

"वयानं. पण भावना बघ ना."

त्यांची पंधरा वर्षांची उर्वी फ्रिजमध्ये डोकं घालून उभी होती. "बाबा, दॅट्स नॉट अ कॉम्प्लिमेंट."

"तुला काय माहीत, बेटा?"

"मला? आय हॅव दॅट एक्झॅक्ट बाबा."

मालिनी हसली. हेमचंद्रही हसला, कारण त्याला ते पटलं नव्हतं.

रजेचंही असंच. कुणी रजा मागितली की त्यानं ती कधी नाकारली नाही. फक्त विचारायचा. का रे, काय विशेष? घरी सगळं ठीक ना? मार्चमध्ये डेलनं अर्धा दिवस मागितला. हेमचंद्रनं विचारलं, का. दात. कोणता दात? वरचा की खालचा? लवंगेचं तेल लावलंस का? दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्यांदेखत दाताची चौकशी केली आणि कागदाच्या कपातून चार लवंगा आणून डेलच्या टेबलावर ठेवल्या. डेल त्या लवंगांकडे बराच वेळ बघत बसला होता.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी सकाळी डेलचा फोनवर निरोप आला. बरं नाही, येत नाही. एवढंच.

हेमचंद्रच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं तेज आलं. आपल्या माणसाचं पहिलं आजारपण! त्यानं घरी फोन लावला. दुपारच्या सुट्टीत तो घरी गेला तेव्हा मालिनीनं मुगाची मऊ खिचडी, ताकाची कढी आणि लिंबाचं जुनं लोणचं स्टीलच्या डब्यात भरून तयार ठेवलं होतं. सोबत त्यानं सुशांतला घेतलं. आजाऱ्याकडे एकट्यानं जाऊ नये.

"सर, आधी फोन करू या का?" गाडीत डबा मांडीवर धरून बसलेला सुशांत म्हणाला.

"फोन करून गेलं की त्यांची धावपळ होते. घर आवरतील, काही खायला करतील. आजाऱ्याला उगाच त्रास."

"पण सर, इथे लोक असं..."

"माणूस इथे वेगळ्या पद्धतीनं आजारी पडतो का रे?"

सुशांत खिडकीबाहेर बघू लागला. पाईनच्या झाडांचे ते दिवस. त्यांच्या परागांची पिवळी पूड सगळ्यावर बसलेली होती, रस्त्यांवर, छपरांवर, टपालपेट्यांवर. झाडं मात्र सरळसोट उभी होती, शेजारच्याला फांदीचाही स्पर्श होऊ न देता. एकदा डेलची गाडी बिघडली होती तेव्हा हेमचंद्र त्याला घरी सोडायला आला होता, त्यामुळे घर ठाऊक होतं. गावाबाहेर, एका शेताच्या कडेला.

गाडी वळली आणि अंगणात डेल दिसला. अंगात बनियन, हातात कुऱ्हाड. तो लाकडं फोडत होता. शेजारी सिमेंटच्या विटा रचून भलीमोठी चूल केलेली होती, आणि बाजूला न्हाणीच्या एका जुन्या टबात बर्फावर अख्खं डुक्कर आडवं ठेवलेलं होतं.

"डेल!" गाडीतून उतरता उतरताच हेमचंद्र ओरडला. "अरे, तू तर बरा आहेस!"

त्या आवाजात आरोपाचा लवलेशही नव्हता. निव्वळ आनंद होता. पण नागपूरचा आनंद डेलला ओळखता येत नव्हता. त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. त्याची मान लाल झाली.

"तू मला पकडायला आलास," तो म्हणाला.

"नाही, नाही. खिचडी घेऊन आलो."

सुशांतनं पुरावा म्हणून डबा वर धरला.

"तुला वाटलं मी खोटं बोलतोय, म्हणून बघायला आलास. आणि साक्षीदार घेऊन आलास."

"साक्षीदार? हा सुशांत आहे." हेमचंद्रला खरोखरच काही कळेना. अवघडलेपणा घालवायला तो नेहमी करायचा तेच त्यानं केलं. चुलीकडे बोट दाखवून हसत म्हणाला, "केवढी तयारी! कुणाचं लग्न आहे की काय?"

नागपूरला अंगणात चूल दिसली की कुणीही हेच म्हणालं असतं. डेलचा लालपणा मानेवरून कानांपर्यंत चढला.

"हेम," तो अगदी हळू म्हणाला, "हे खासगी आहे. तू आता जा."

ते गेले. बराच रस्ता मागे पडल्यावर सुशांत म्हणाला, "सर, डबा तिथेच विटांवर राहिला."

"राहू दे," हेमचंद्र म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तब्येतीची चौकशी करून त्याला वाईट वाटत होतं.

सोमवारी डबा त्याच्या टेबलावर होता. घासलेला, कोरडा, रिकामा. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, साखरेचे चार दाणे तरी घालतात. डेलला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, तरी हेमचंद्रनं झाकण उघडून आत पाहिलंच. मग कॅथीबाईंचं बोलावणं आलं.

कॅथीबाई साठीला टेकलेल्या, केस आखूड, बोलणं मोजकं. त्यांनी दार लावून घेतलं.

"डेलनं दुसऱ्या टीममध्ये जायला मागितलंय. महिनाअखेर जायचं म्हणतो."

"मी त्याला बघायला गेलो होतो."

"माहीत आहे. म्हणूनच."

"कॅथी, माझा माणूस आजारी पडला आणि मी गेलो नाही, तर मी कसला मॅनेजर?"

त्यांनी चष्मा काढला. "इथे आजारी माणसाला एकटं सोडणं म्हणजे त्याला मान देणं."

"आमच्याकडे त्याला वाळीत टाकणं म्हणतात."

त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "एक सांगते. तो आजारी नव्हता. खोटी रजा घेतली म्हणून तू त्याच्यावर लेखी ठपका ठेवू शकतोस. मग त्याची बदली अडेल. तुझा तो अधिकार आहे."

हेमचंद्रनं मान हलवली. "नाही. ते मी करणार नाही."

"मग हेही ऐक. मी त्याला विचारलं, खोटं का बोललास. तो म्हणाला, रजेचं कारण सांगायचं नव्हतं, आणि हेमकडे कारण न सांगता रजा मिळत नाही. म्हणून त्यानं असं कारण दिलं, ज्याबद्दल या देशात पुढे कुणी विचारत नाही."

"मी कुणाची रजा कधी नाकारली नाही!"

"नाही नाकारलीस. तू फक्त विचारतोस." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "डेल गेला तर जुनी यंत्रं सांभाळायला तुझ्याकडे कुणी उरत नाही. मला ही टीम दुसऱ्या कुणाच्या हाताखाली द्यावी लागेल, आणि तुला तुझ्या जुन्या जागी जावं लागेल. मला ते नको आहे. पण मी त्याला थांबवू शकत नाही. तुला जमलं तर तूच."

त्या संध्याकाळी हेमचंद्र जेवला नाही. म्हणजे एकच पोळी खाल्ली, ही त्याच्या घरी उपोषणाची पातळी होती.

"जागा गेली तर गेली," मालिनी म्हणाली. "एवढी वर्षं त्याच जागेवर बसून सुखात होतोच ना आपण?"

"जागेचं नाही गं." तो पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिला. "मला वाटत होतं, मी चांगला साहेब आहे. आणि माझ्या माणसाला माझ्याशी खोटं बोलावं लागलं. चूक त्याची असती तर मी रागावलो असतो. इथं तर रागवायलाही कुणी नाही."

उर्वी समोर बसून गृहपाठ करत होती. "बाबा, नेक्स्ट टाइम जस्ट से ओके."

"म्हणजे?"

"कुणी म्हटलं, मला फ्रायडे ऑफ हवाय. यू से, ओके. दॅट्स इट."

"मग मला त्याची काळजी आहे, हे त्याला कसं कळणार?"

उर्वीनं पेन्सिल गालाला लावली. "ही'ल फिगर इट आउट. मी केलं ना."

मालिनीनं मान खाली घालून पोळी मोडली. हेमचंद्र लेकीकडे थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं दुसरी पोळी मागून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात नवा कारभार सुरू झाला. हेमचंद्र आपल्या खोलीत बसून राहिला. फेरी बंद. खुर्चीमागे उभं राहणं बंद. कुणी काही म्हटलं की 'ओके'. हे त्यानं इतक्या निष्ठेनं केलं की पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्याचं डोकं दुखायला लागलं.

कांचन आली. तिला पाचवा महिना होता. "सर, मला बुधवारी अर्धा दिवस सुट्टी हवी होती."

"ओके."

ती उभीच राहिली. "डॉक्टरकडे जायचंय, सर."

"ओके."

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. डोळ्यांत पाणी. "सर, तुम्ही माझ्यावर रागावलात का? मुलं होतात म्हणून बायका कामाच्या नाहीत, असं वाटतं का तुम्हाला?"

"अगं नाही गं बाई!" हेमचंद्र खुर्चीतून उठलाच. "बाळ बरं आहे ना? काय म्हणाले डॉक्टर? सोबत कोण आहे? आई कधी येणार? बस, बस आधी." कांचन बसली, डोळे पुसले, आणि साखरेच्या तपासणीपासून सासूच्या व्हिसापर्यंत सगळं सांगूनच उठली. जाताना ती हसत होती. हेमचंद्रचं डोकंही थांबलं.

मग दुसऱ्या दिवशी सुशांत आला. त्याचा चेहरा तर फारच उतरलेला.

"सर, एक विचारू? माझं काही चुकलं का?"

"का रे?"

"दोन दिवस तुम्ही माझा कोड बघितला नाही. यार, मी... सॉरी सर. मी रात्री झोपलो नाही. मला काढणार आहेत का?"

हेमचंद्रनं निःश्वास टाकला. तो सुशांतच्या टेबलापाशी गेला, मागे उभा राहिला, आणि थोड्याच वेळात त्याला एक चूक सापडली. "हे काय करून राहिला तू? हे असं लिहितात? डोकं घरी ठेवून येतोस का?" सुशांतच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. झापून झाल्यावर तो निवांतपणे कॉफी घ्यायला गेला.

म्हणजे उर्वीचा 'ओके' सगळ्यांना लागू नव्हता, आणि वैरागडे साहेबांची पपईही. कुणाला काय चालतं, हे ओळखायचं कसं? विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारणं तर चालत नाही. हेमचंद्र या जागी अडकून बसला. बाहेर खिडकीखाली त्याची निळी गाडी पाईनच्या पुडीनं पूर्ण पिवळी झाली होती.

त्याच आठवड्यात एका औषध कारखान्याचं काम आलं. तासाभराच्या रस्त्यावरचा कारखाना, यंत्रं जुनी, आणि त्यांच्यावर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवायची. काम डेलचंच. एरवी हेमचंद्रनं तारीख ठरवली असती, पायऱ्या लिहून दिल्या असत्या, आणि तिथे जाऊन डेलच्या मागे उभा राहिला असता. आता त्यानं डेलला खोलीत बोलावलं. त्या शुक्रवारनंतर ते पहिल्यांदाच समोरासमोर येत होते.

नागपूरला साहेब हाताखालच्याला आपलं काम कसं करावं असं विचारत नाही. विचारलंच, तर माणसं म्हणतात, साहेबाला काही येत नाही वाटतं. हेमचंद्रला घाम आला होता.

"डेल, त्या दिवशी मी आलो ते पकडायला नव्हतो आलो. एवढंच सांगायचं होतं. आता कामाचं. हे कधी करायचं आणि कसं करायचं, ते तू ठरव."

डेलनं डोळे बारीक केले. "गुरुवार की सोमवार?"

"तू सांग."

"सोमवार."

हेमचंद्रच्या मनात गुरुवार होता. गुरुवारची सात कारणं त्याच्या जिभेवर रांग लावून उभी होती. त्यानं ती गिळली. "ओके."

"आणि तू काय करणार?"

"मी येईन. पण आत येणार नाही. गाडीत बसेन."

"आत येणार नाहीस तर येतोस कशाला?"

हेमचंद्रनं विचार केला आणि खरं ते सांगितलं. "मला इथे बसवणार नाही म्हणून."

डेलच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला.

सोमवारी हेमचंद्र कारखान्याच्या आवारात गाडीत बसला होता. काचा बंद, कारण पूड. काचेवर पिवळा थर, आणि त्या पलीकडे कारखान्याची लांबलचक बिनखिडक्यांची भिंत. आत माणसं आहेत की नाहीत, हे बाहेरून कळत नव्हतं. त्यानं रेडिओ लावला, बंद केला. मालिनीला फोन केला. ती म्हणाली, "आत जाऊ नका." त्यानं सुशांतला फोन केला. तो म्हणाला, "सर, मी त्याला फोन करून विचारू का?" हेमचंद्र म्हणाला, "खबरदार!" एकदा त्यानं दाराची कडी ओढली, पाय बाहेर टाकला, आणि पुन्हा आत घेतला. त्याच्या बुटाला पिवळी पूड लागली.

दुपार कलल्यावर डेल बाहेर आला. गाडीचं दार उघडून शेजारच्या सीटवर बसला. दमलेला दिसत होता.

"झालं," तो म्हणाला. "एका यंत्रानं मध्येच त्रास दिला. पण झालं."

"छान." हेमचंद्र एवढंच म्हणाला. कोणत्या यंत्रानं? काय त्रास? ते त्यानं विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर ते काम गुरुवारीही झालं असतं. पण हेही त्यानं बोलून दाखवलं नाही.

काचेवरून एक मुंगी पुडीत रेघ ओढत चालली होती. डेल तिच्याकडे बघत होता.

"लग्नच होतं," तो अचानक म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशी तू विचारलंस ना. लग्नच होतं. माझ्या बायकोचं. म्हणजे आधीच्या. शनिवारी तिनं लग्न केलं. आमच्या गावात अख्खं डुक्कर रात्रभर शिजवणारे दोघंच उरलेत. दुसरा आहे तो नवरदेव. त्यानं स्वतःच्या लग्नात कसं शिजवायचं? म्हणून तिनं मला विचारलं. मी हो म्हणालो."

हेमचंद्रच्या आत जणू बांध फुटला. आधीच्या बायकोच्या लग्नाचा स्वयंपाक! तू का हो म्हणालास? ती काय म्हणाली? तो नवरा कसा वागला? तुम्ही वेगळे का झालात? मुलं कुठे होती? तू जेवलास का तिथे? रात्रभर चुलीपाशी एकटाच बसला होतास का? असे प्रश्न, की नागपूरच्या कुठल्याही ओट्यावर कुणीही विचारले असते आणि विचारले नसते तर माणूस दगड ठरला असता. त्यानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. आजवर कुठलंही काम त्याला इतकं जड गेलं नव्हतं. शेवटी सगळ्या प्रश्नांतून त्यानं एकच निवडला.

"चांगलं शिजलं का?"

डेलनं त्याच्याकडे पाहिलं. मग तो सीटवर मागे टेकला आणि बोलायला लागला. लाकूड कोणतं, निखारे किती, कुठे घालायचे, व्हिनेगर केव्हा, मिरची किती, कातडी कुरकुरीत कशी होते. पहाटे वारा सुटला तेव्हा चुलीवर पत्रा धरून तो कसा उभा राहिला. सगळ्यांनी बोटं चाटली, आणि नवरदेवानं येऊन हात मिळवला, ते सांगताना तो जरा थांबला. आणि पुन्हा मिरचीवर आला. हेमचंद्र ऐकत होता. त्याच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या मिरचीत आणि निखाऱ्यांत कुठेतरी येऊन गेली, असं त्याला वाटलं. डुक्कर तो खात नसे, पण व्हिनेगरचं प्रमाण त्यानं लक्षात ठेवलं.

"आणि तुझी ती खिचडी," डेल म्हणाला. "रात्री भूक लागली तेव्हा चुलीपाशी बसून खाल्ली. ते लोणचं काय होतं? माझी जीभ गेली."

"जुनं लिंबू. माझ्या बायकोचं."

"तिला सांग, मी जिवंत आहे."

त्यापुढचे दिवस साधेच गेले. हेमचंद्र सकाळी पुन्हा फेरी मारू लागला, पण आता कांचन आणि सुशांतच्या टेबलापाशी थांबायचा, आणि डेलच्या टेबलावरून जाताना फक्त "मॉर्निंग" म्हणून पुढे सरकायचा. सुशांतनं एकदा हळूच विचारलं, "सर, त्यांच्याशी तुम्ही असे आणि आमच्याशी असे, हा भेदभाव नाही का?" हेमचंद्र म्हणाला, "आहे. तुला काढून त्या बाजूला टाकू का?" सुशांतनं घाईनं नकार दिला. चिवड्याचा डबा कॉफीशेजारी होता तिथेच राहिला. अमेरिकन मंडळी त्यातले शेंगदाणे वेचून खात, आणि हेमचंद्र ते पाहून न पाहिल्यासारखं करी. यातही त्याला थोडा सराव करावा लागला.

महिन्याचा कामाचा शेवटचा दिवस शुक्रवारच होता. बदलीच्या कागदावर डेलची सही बाकी होती. कॅथीबाईंनी सकाळीच तो कागद हेमचंद्रकडे पाठवून दिला होता, डेलची सही घेऊन परत दे म्हणून. हेमचंद्रनं तो टेबलावर ठेवला आणि दिवसभर त्याच्याकडे बघितलं नाही. डेलला बोलावलं नाही. आठवणही करून दिली नाही. संध्याकाळी लोक निघायला लागले. कांचन दारातून डोकावून "बाय सर" म्हणून गेली. सुशांत काम नसताना उगाचच कॉफीचं भांडं धूत रेंगाळत होता.

डेल आला. अंगात जाकीट, हातात गाडीची किल्ली. त्यानं कागद उचलला, एकदा वाचला, आणि मधोमध फाडून टोपलीत टाकला.

"मी इथेच राहतोय," तो म्हणाला.

हेमचंद्रनं खरोखर प्रयत्न केला. ओठ मिटले, दात आवळले, खुर्चीचा हात धरला. पण त्याच्या आत नागपूर होतं, तिथला ओटा होता, स्कूटरवरून आलेले साहेब होते, दारात उभी राहिलेली आई होती, आणि इतक्या सगळ्यांना एका तोंडात कोंडून ठेवणं कुणालाच जमलं नसतं.

"का?" तो म्हणाला.

आणि म्हणाल्याबरोबर त्यानं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

डेल दारात थांबला. तो इतका हसला की त्याच्या हातातली किल्ली खाली पडली. बाहेर सुशांतच्या हातातलं भांडं खणखणलं.

"ते खासगी आहे, हेम," डेल डोळे पुसत म्हणाला.

"ओके," हेमचंद्र म्हणाला. "ओके, ओके."

डेलनं किल्ली उचलली आणि तो गेला. हेमचंद्रनं घरी फोन लावला. मालिनीनं तो पहिल्याच घंटेला उचलला. "राहिला," तो म्हणाला. ती म्हणाली, "कसा काय? काय म्हणाला? का राहिला?"

"मला काय माहीत," हेमचंद्र म्हणाला, आणि दिवे मालवायला उठला.